त्या पहिल्या तासांचा जाब

दरवर्षी 27 नोव्हेंबर सरतो, 6 डिसेंबर येऊ घातलेला असतो. हैदराबादच्या ‘दिशा’ बलात्कार-खून प्रकरणाच्या या तारखा जवळ आल्या की जुनी मागणी नव्याने वर येते. बलात्काऱ्याला फाशी द्या, भर चौकात द्या, आणि कोर्टाला वेळ लागत असेल तर पोलिसांनीच काय तो निकाल लावावा. या मागणीमागचा संताप खरा आहे. 2019 मध्ये चटनपल्लीच्या पुलाजवळ चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. पण त्या जल्लोषात एक प्रश्न गाडला गेला, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ती तरुण पशुवैद्यक तोंडुपल्ली टोलनाक्याजवळून बेपत्ता झाली, त्याच रात्री घरचे लोक पोलिसांकडे धावले होते. तिथे त्यांना हद्द सांगण्यात आली. हा भाग आमच्याकडे येत नाही, त्या ठाण्यात जा. मुलीचा फोन बंद, रात्र चढत चाललेली, आणि आईबाप एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात. पुढे एक उपनिरीक्षक आणि दोन हेड कॉन्स्टेबल निलंबित झाले. आठवडाभरात चकमक झाली आणि पहिल्या रात्रीच्या त्या तासांबद्दल कोणी बोलेनासे झाले. उशीर करणारे खाते एका सकाळीत नायक ठरले.

या चकमकीची चौकशी ज्यांच्याकडे आली ते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आपल्या विदर्भातले, नागपुरात वकिली केलेले. आयोग नेमणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, हेही नागपूरचेच. सिरपूरकरांवर मवाळपणाचा शिक्का मारता येणार नाही. लाल किल्ला हल्ल्यातील आरोपीची फाशी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, त्या खंडपीठावर ते होते. अशा माणसाच्या आयोगाने चटनपल्लीची कहाणी बारकाईने तपासली. आरोपींनी पिस्तुले हिसकावली आणि गोळीबार केला, हा पोलिसांचा दावा आयोगाने खोटा ठरवला. गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या, चौघांपैकी तिघे गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होते, आणि 10 पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे हा अहवाल सांगतो. मे 2022 मध्ये तो खुला झाला. जमावाने ठेचून मारणे जसे मान्य नाही, तसाच झटपट न्यायही मान्य नाही, हा त्याचा सूर. फाशी कायम करणारा न्यायाधीश हे म्हणतो, तेव्हा फुले उधळणाऱ्यांनी दोन मिनिटे थांबून ते ऐकायला हवे.

आपल्याकडे बदलापुरात वेगळे काय घडले? ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलिस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवले गेले. लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीबारात मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक झळकले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला. आधी दिरंगाई, मग गोळी, मग जल्लोष, हा हैदराबादचाच क्रम. आरोपी मेला की खटला संपतो, आणि खटल्यात जी उलटतपासणी पोलिसांची आणि संस्थाचालकांचीही झाली असती, तीही टळते.

आता कायद्याचे पाहू. गुन्हा तेलंगणातला, पण आंध्रच्या विधानसभेने 13 डिसेंबर 2019 रोजी दिशा विधेयक मंजूर केले: 7 दिवसांत तपास, 14 दिवसांत खटला, फाशीची तरतूद. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने ‘शक्ती’ विधेयक आणले. राष्ट्रपतींची मंजुरी दोन्हींना मिळाली नाही. मंजुरी मिळती तरी न्यायाधीश, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा कुठून आणणार होतो?

आणि जलद न्यायासाठी नवा कायदा लागतोच असेही नाही. याचा पुरावा आपल्या चंद्रपूरला लागून असलेल्या आसिफाबाद जिल्ह्यात आहे. ‘दिशा’च्या तीनच दिवस आधी, 24 नोव्हेंबरला, गावोगाव फिरून किरकोळ माल विकणाऱ्या एका दलित स्त्रीवर तिथे सामूहिक बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. तिच्यासाठी संसदेत आरडाओरडा झाला नाही. तिच्या घरच्यांना आणि संघटनांना आंदोलन करून लक्ष वेधावे लागले. मग विशेष न्यायालय नेमले गेले आणि आदिलाबादेत 30 जानेवारी 2020 रोजी निकाल लागला. तिघे दोषी, तिघांना फाशी. मी फाशीच्या बाजूचा नाही. पण साक्षीपुरावे तपासून, जुन्याच कायद्याने, सव्वादोन महिन्यांत गुन्हा शाबीत झाला, हे मोठे काम आहे. त्या न्यायालयावर कोणी फुले उधळली नाहीत.

फाशीला माझा विरोध आहे तो आकड्यांमुळेही. 2019 मध्ये देशात नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत 94 टक्के ठिकाणी आरोपी ओळखीचा होता, तर शिक्षेचे प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास. काका, शेजारी, मालक यांच्याविरुद्ध तोंड उघडणे आधीच कठीण. त्यात फाशीची भीती घातली की घरातलीच माणसे मुलीला गप्प बसवतात. न्यायमूर्ती वर्मा समितीनेही 2013 मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती.

सुटून आलेल्या गुन्हेगारांना शाळेजवळ, वस्तीत राहू देऊ नका, त्यांची यादी जाहीर करा, हाही सूर आता ऐकू येतो. आपली राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना पाहता येते आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत अशा बंदीमुळे मायामीत अनेक जण वर्षानुवर्षे ज्युलिया टटल पुलाखाली राहिले. ज्याला पत्ता नाही त्याच्यावर नजर कोण ठेवणार? जेकब वेटरलिंग या अपहृत मुलाच्या नावाने 1994 मध्ये तिथे नोंदणीचा कायदा झाला. त्याच्या आईनेच, पॅटी वेटरलिंग यांनी, पुढे अशा सरसकट निर्बंधांवर प्रश्न उभे केले. आणि ज्या देशात धोका बहुतेकदा ओळखीच्या घरातून येतो, तिथे शाळेपासूनचे अंतर मोजून काय साधणार?

मागायचेच असेल तर हे मागू या. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा देणारे कलम 2013 पासून आहे, आज ते भारतीय न्याय संहितेत 199 वे आहे: किमान 6 महिने, कमाल 2 वर्षे सक्तमजुरी. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हेही कायद्यात आहे. निलंबनावर भागवू नका, हे कलम लावा. पुढच्या वेळी मोर्चा निघेल तेव्हा फाशीच्या घोषणेच्या आधी ठाणे अंमलदाराचे नाव विचारा, तक्रार किती वाजता आली आणि किती वाजता नोंदली, ते विचारा. मुलगी जिवंत सापडण्याची शक्यता त्याच तासांत असते.