प्राणवायू उजेड विझवतो तेव्हा

श्वास रोखून धरला की छातीत तडफड सुरू होते. ती ऑक्सिजन कमी पडल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. रक्तात हा वायू जरासा वाढला तरी मेंदू लगेच आरडाओरडा करतो. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र शरीर जवळजवळ मुकं आहे. कार्बन डायऑक्साइड नीट निघून जातोय आणि ऑक्सिजन तेवढा हळूहळू घटतोय, अशी स्थिती आली तर माणूस गुदमरत नाही. त्याला थोडं हलकं, थोडं छानच वाटतं, आणि मग शुद्ध हरपते. रीब्रीदर लावून समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या बाबतीत हेच घडू शकतं.

तारकर्लीला किंवा मालवणला ज्यांनी स्कूबा केलंय त्यांना प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वर जाणारे बुडबुडे आठवत असतील. त्या बुडबुड्यांत न वापरलेला ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास असतो. आपण आत घेतो एकवीस टक्के आणि त्यातला जेमतेम चौथा हिस्सा वापरतो. खोल गेलं की ही नासाडी आणखी वाढते. 40 मीटरवर दाब पाचपट होतो, म्हणून तेवढ्याच श्वासाला पाचपट हवा लागते. रीब्रीदर हा उच्छ्वास टाकून देत नाही. तो एका पिशवीत घेतो, सोडा लाइमच्या खड्यांमधून फिरवून त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, शरीराने खर्च केला तेवढाच ऑक्सिजन त्यात घालतो आणि तोच वायू पुन्हा नाकातोंडाशी आणून देतो. शरीर ऑक्सिजन किती जाळतं ते श्रमांवर ठरतं, खोलीवर नाही. संथ पोहताना मिनिटाला साधारण एक लिटर लागतो. तीन लिटरची छोटी टाकी 200 बारने भरली तर त्यात 600 लिटर ऑक्सिजन मावतो. तास मोजून पाहा. शिवाय बुडबुडे नाहीत, आवाज नाही, त्यामुळे मासे बुजत नाहीत.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री फ्लूसने 1878 मध्ये असं यंत्र बनवलं. 1880 मध्ये अलेक्झांडर लँबर्ट ते अंगावर चढवून सेव्हर्न नदीखालच्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यात शिरला आणि आतलं लोखंडी दार बंद करून आला. फ्लूसच्या यंत्रात शुद्ध ऑक्सिजन असे. नेमक्या त्याच 1878 साली फ्रान्समध्ये पॉल बेर याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखालचा ऑक्सिजन मज्जासंस्थेला विष ठरतो, झटके आणतो, असं त्याने प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. पाण्याखाली झटका आला की तोंडातली नळी सुटते. शुद्ध ऑक्सिजनवर सहा मीटरच्या खाली जाणं धोक्याचं, ते यामुळेच. त्याखाली जायचं तर नायट्रोजन किंवा हेलियम मिसळावा लागतो, आणि मिश्रण आलं की पिशवीत त्या क्षणी ऑक्सिजन किती आहे हे सतत कळायला हवं.

इथे टक्केवारीला अर्थ नसतो, अंशदाबाला असतो. एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा म्हणजे अंशदाब. किनाऱ्यावर तो 0.21 बार असतो. 0.16 च्या खाली शुद्ध जाण्याचा धोका, 1.6 च्या वर झटक्यांचा. या दोन आकड्यांमध्ये माणूस जगतो. बहुतेक यंत्रं पाण्याखाली 1.3 च्या आसपास राहण्याचा प्रयत्न करतात. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांच्या 1968 च्या ‘इलेक्ट्रोलंग’ या रीब्रीदरमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक संवेदकांकडे आलं. आजही बहुसंख्य रीब्रीदरमध्ये जो संवेदक असतो तो खरं तर एक लहानशी बॅटरी आहे. तिच्यात एक शिशाचा ध्रुव, एक सोन्यासारख्या धातूचा ध्रुव, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो. पडद्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, शिशाशी रासायनिक व्यवहार होतो आणि काही मिलिव्होल्ट मिळतात. ऑक्सिजन जास्त तर व्होल्टेज जास्त.

शिसं मात्र संपत जातं. वापरा किंवा कपाटात ठेवा, वर्ष-दीड वर्षात सेल थकतो. थकण्याची रीत तर भयंकर आहे. म्हातारा सेल साध्या हवेत अचूक आकडा दाखवतो, पण ऑक्सिजन वाढला की तेवढा प्रवाह देण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. समजा, तो 1.2 वर अडकला. यंत्राला पोहोचायचंय 1.3 ला. ते ऑक्सिजन सोडत राहतं, आकडा हलत नाही आणि पिशवीतला खरा अंशदाब दोनच्याही पुढे निघून जातो. यावर उपाय म्हणून तीन सेल बसवतात आणि बहुमत घेतात. पण तिन्ही सेल एकाच खेपेतले, एकाच दिवशी बसवलेले, एकाच दमट नळीत भिजणारे असले, तर दोन खोटारडे मिळून एका खऱ्याला गप्प करतात. या बहुमताची मला कायम धास्ती वाटत आली आहे.

द्रव नको, झिजणारं शिसं नको, असा घन अवस्थेतला संवेदक मोटारींना केव्हाच मिळाला. बॉशचा झिर्कोनियाचा लॅम्डा संवेदक 1976 मध्ये व्होल्व्होच्या गाडीत बसला. पण त्याला काम करायला शेकडो अंश तापमान लागतं. ऑक्सिजनने भरलेल्या श्वासाच्या नळीत असली भट्टी कोण ठेवील? पाणबुड्यांना जे हवं होतं ते आलं प्रकाशाच्या अभ्यासातून.

1931 च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला हान्स काउट्स्की हा रसायनशास्त्रज्ञ सिलिका जेलच्या कणांवर रंगद्रव्यं बसवून त्यांची दीप्ती तपासत होता. ऑक्सिजन आला की दीप्ती मंदावते, हे त्याला दिसलं. जो वायू आगीला पेटवतो तोच या थंड उजेडाला विझवत होता! मग ती ऊर्जा जाते कुठे? त्याने दोन प्रकारचे कण एकत्र मिसळले. काहींवर प्रकाश शोषणारा रंग होता, तर काहींवर ऑक्सिडीकरण झालं की हिरवं होणारं रंगहीन द्रव्य. दोन्ही द्रव्यं वेगवेगळ्या कणांवर होती, एकमेकांना भिडू शकत नव्हती. विरळ ऑक्सिजनमध्ये त्यांच्यावर प्रकाश टाकला आणि रंगहीन कण हिरवे झाले. म्हणजे एका कणावरून दुसऱ्या कणापर्यंत काहीतरी उडत गेलं होतं. तो खुद्द ऑक्सिजनच आहे, ऊर्जा पिऊन चेतवलेला, असं काउट्स्कीचं म्हणणं. समकालीनांना ते पटलं नाही. ते सर्वमान्य व्हायला 1960 चं दशक उजाडावं लागलं.

ऑक्सिजनलाच हे का जमतं, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. बहुतेक रेणूंमध्ये सगळे इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. ऑक्सिजनमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाला चिकटतो तो त्यांच्यामुळेच. प्रकाश शोषून चेतलेल्या रंगरेणूतही काही क्षण असेच दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. असे दोन रेणू भेटले की ऊर्जेची देवघेव होते. रंगरेणू उजेड न टाकताच शांत होतो, ऑक्सिजन चेततो आणि लगेच पुन्हा मूळपदावर येतो. नायट्रोजन आणि हेलियम यांना या व्यवहारात प्रवेशच नाही. भोवतीच्या हजार रेणूंमधून हा उजेड फक्त ऑक्सिजनला ओळखतो!

या विझण्यावरून ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकात वापरतात ते रंगरेणू बहुधा पॉर्फिरिन कुळातले असतात, मध्यभागी प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा अणू धरलेले. याच कुळातलं कडं मध्यभागी लोह घेऊन आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहतं, आणि त्याचंच भावंड मॅग्नेशियम घेऊन पानांत हरितद्रव्य होतं. पानं ऑक्सिजन सोडतात, रक्त तो वाहतं आणि आता तिसरं भावंड तो मोजतं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मोजायचं मात्र उजेड किती हे नव्हे. रंग कालांतराने फिका पडतो, पडद्यावर दव जमतं आणि उजेड कमी होतो. त्यावरून ऑक्सिजन ठरवला तर पुन्हा तीच फसगत. मोजायचा तो उजेड रेंगाळण्याचा काळ. देवळातली घंटा जोरात वाजवा की हळू, नाद रेंगाळायचा तेवढाच रेंगाळतो. हात लावला की मात्र चटकन मरतो. इथे हात लावणारा ऑक्सिजन. ऑक्सिजन नसताना प्लॅटिनमवाल्या रंगाची दीप्ती साठेक मायक्रोसेकंद टिकते, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साठ. ऑक्सिजन जितका जास्त तितका हा काळ आखूड. ओटो श्टेर्न आणि माक्स फोल्मर यांनी 1919 मध्ये याचं साधं समीकरण मांडलं होतं. संवेदक सेकंदाला हजारो वेळा कमीजास्त होणारा प्रकाश रंगावर टाकतो आणि परत येणारा उजेड त्याच्या किती मागे पडतो ते पाहतो. त्या उशिरातून अंशदाबाचा आकडा निघतो.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पोसायडन कंपनीने जर्मनीतल्या आखेनच्या पायरोसायन्सबरोबर असा संवेदक रीब्रीदरसाठी तयार केला. तो तांबडा प्रकाश टाकतो आणि परत येणारा उजेड अवरक्ताच्या सीमेवरचा असतो. यात ऑक्सिजन खर्च होत नाही, द्रव सुकत नाही, शिसं झिजत नाही.

अडचणी आहेत, आणि त्या समजून घ्यायला हव्यात. समीकरणाचा स्वभावच असा की ऑक्सिजन कमी असताना फरक ठळक दिसतो आणि ऑक्सिजन वाढत जाईल तसा अंधुक होत जातो. 0.2 आणि 0.4 मधलं अंतर सहज कळतं, 1.2 आणि 1.4 मधलं कळायला बारीक इलेक्ट्रॉनिक्स लागतं. पाणबुड्याला तर नेमकी वरच्या टोकाचीच चिंता. तापमान बदललं की दीप्तीचा काळ बदलतो, म्हणून शेजारी चोख तापमापी हवा. आणि काउट्स्कीचा तो चेतलेला ऑक्सिजन अधूनमधून रंगरेणूलाच चावतो. हळूहळू रंग खलास होतो. म्हणून उजेड अखंड न ठेवता क्षणभरच चमकवतात.

तरीही माझा कौल प्रकाशाच्या बाजूने आहे. थकलेला शिशाचा सेल विश्वासार्ह वाटणारा खोटा आकडा देतो. रंग विरत गेलेल्या प्रकाशी संवेदकाला मात्र आपला उजेड मंदावल्याचं स्वतःच मोजता येतं आणि तसं सांगताही येतं. पण म्हणून तीन शिशाचे सेल काढून तीन प्रकाशी बसवणं मला पसंत नाही. एक प्रकाशी आणि एक शिशाचा शेजारी हवा, म्हणजे दोघांची चूक एकाच कारणाने आणि एकाच वेळी होणार नाही. आणि पोसायडनच्या यंत्रांत करतात तसं, ठाऊक असलेल्या वायूचा झोत मधूनमधून संवेदकावर सोडून त्याची उलटतपासणी पाण्याखालीही चालू राहायला हवी.