हातमोज्याच्या बोटातून जन्मलेले पेटंट

कारागिराच्या हातात हुन्नर असतो, पण त्या हुन्नरातून निघालेली नवी कल्पना कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तो सहसा विचारत नाही. एखादा लेथवाला गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून यंत्राचा भाग थोडा बदलून देतो, तो बदल बाजारात चालतो, आणि वर्षभरात दुसराच कोणी तो माल हजारोंनी विकू लागतो. मूळ कारागिराला मिळते ती फक्त पहिल्या नगाची मजुरी. वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कारण तेथे एका छोट्या नळीची किंमत कच्च्या मालावर नव्हे, तर तिच्यातील कल्पनेवर ठरते.

कॅथेटर हे याचे उत्तम उदाहरण. कॅथेटर म्हणजे मूत्राशयात किंवा रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी. ही वस्तू फार जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुबा येथील शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या 'अल-तसरीफ' या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे दिली आणि मूत्राशयात घालायच्या नळीचेही वर्णन केले. पण आज रुग्णालयात दिसणाऱ्या फुग्याच्या नळ्या विसाव्या शतकातील आहेत, आणि त्यांचा इतिहास धंद्याच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

गळ बांधणारा मुलगा

अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी शहरात १९३४ साली थॉमस फोगार्टी यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना वडील वारले. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी ते खेळण्यातील विमाने तयार करून शेजारच्या मुलांना विकत. शाळेत असतानाच ते गुड समॅरिटन या रुग्णालयात उपकरणे साफ करण्याच्या कामाला लागले. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या हातात हत्यारे देणारे मदतनीस झाले. तेथे डॉ. जॅक क्रॅनली यांनी या हुशार मुलाला हाताशी धरले व शिक्षणास उत्तेजन दिले.

त्या काळी पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली तर ती काढण्यासाठी रक्तवाहिनी लांबवर उघडावी लागे. शस्त्रक्रिया तासन् तास चाले. पुष्कळ रुग्णांचा पाय कापावा लागे आणि अनेकांचा जीवही जाई. फोगार्टी हे सारे टेबलाजवळ उभे राहून पाहत होते. एवढे कापण्याऐवजी एखादी बारीक नळी गुठळीच्या पलीकडे नेऊन तेथे फुगा फुगवता आला आणि मागे ओढता आला, तर गुठळी आपोआप बाहेर येईल, असे त्यांना सुचले.

कल्पना सोपी, पण अडचण कारागिरीची होती. त्यांनी लघवीची नळी घेतली आणि शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचे बोट कापून त्याचा फुगा केला. आता हे रबर त्या नळीला चिकटवायचे कसे? त्या वेळी मिळणारा कोणताही डिंक ते जोड धरून ठेवीना. फोगार्टी यांना लहानपणापासून मासे पकडण्याचा नाद होता. त्यात गळाभोवती बारीक दोरा व पिसे गुंडाळून किड्यासारखे आमिष बांधतात. त्याच गाठी वापरून त्यांनी फुगा नळीवर बांधला. गाठ टिकली. शाळकरी वयातील छंद हा येथे हुन्नर ठरला.

१९६१ साली ही नळी प्रथम रुग्णावर वापरली गेली. छोट्याशा छेदातून नळी आत गेली, पिचकारीने फुगा फुगवला गेला आणि गुठळी बाहेर आली. शरीराचा तेवढाच भाग बधिर करूनही हे काम होऊ लागले.

माल तयार, पण घेणारा नाही

येथून पुढची कथा प्रत्येक छोट्या कारखानदाराला ओळखीची वाटेल. उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांनी ही नळी बनवण्यास नकार दिला. अनुभवी शल्यविशारदांनाही एका तरुण शिकाऊ डॉक्टरच्या घरगुती वस्तूवर विश्वास नव्हता. फोगार्टी स्वतः हाताने नळ्या बांधत राहिले व ओळखीच्या डॉक्टरांना देत राहिले. शेवटी ओरेगॉन विद्यापीठातील हृदयशल्यविशारद डॉ. अल्बर्ट स्टार यांनी मध्यस्थी केली. स्टार यांनी लॉवेल एडवर्ड्स या अभियंत्याबरोबर हृदयाची कृत्रिम झडप तयार केली होती. एडवर्ड्स यांच्या कंपनीने नळीचे उत्पादन हाती घेतले. पेटंट १९६९ साली मंजूर झाले.

फुग्याच्या नळीचे हे तत्त्व पुढे हृदयापर्यंत पोहोचले. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी झ्युरिकमध्ये आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर फुग्याच्या नळ्या घडवल्या आणि १९७७ साली हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून ती प्रथम मोकळी केली. आज ज्याला आपण अँजिओप्लास्टी म्हणतो ती हीच. फोगार्टी यांच्या नावावर पुढे शंभराहून अधिक पेटंट जमा झाली. २००० साली त्यांना संशोधकांसाठीचा पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला.

नाव एकाचे, हक्क दुसऱ्याचा

आता दुसरी बाजू पाहू. रुग्णालयात रोज वापरली जाणारी लघवीची फुग्याची नळी जगभर 'फोले कॅथेटर' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील सेंट पॉल शहराचे डॉ. फ्रेडरिक फोले यांनी १९२९ साली फुग्याच्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत मूत्राशयात टिकून राहणारी नळी दाखवली. पण दरम्यान डेव्हॉल या रबर कंपनीच्या पॉल राईश यांनी अशाच नळीसाठी अर्ज केला व १९३६ साली त्यांना पेटंट मिळाले. फोले यांनी त्यानंतर अर्ज केला. अपिलात एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण पुढे न्यायालयात तो फिरला. नळीला नाव फोले यांचे राहिले, पेटंट मात्र कंपनीकडे गेले.

वस्तू अगोदर दाखवली आणि कागद नंतर केला, याचा हा परिणाम. आपल्याकडे हीच चूक रोज घडते. प्रदर्शनात माल मांडला जातो, व्यापाऱ्याला नमुना दिला जातो, छापील पत्रकात आकृती येते आणि मग पेटंटची आठवण होते.

आपला कायदा काय सांगतो

भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. पूर्वी पेटंटची मुदत साधारणपणे चौदा वर्षे होती. २००३ पासून ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे झाली. पेटंटसाठी तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी हवी, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारी नसावी, आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. उपचाराच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, पण उपकरणाला मिळू शकते. म्हणजे गुठळी काढण्याची रीत नव्हे, तर ती काढणारी नळी.

कारागिराने लक्षात ठेवण्याच्या गोष्टी अशा:

१. अर्ज करण्यापूर्वी वस्तू विकू नये, छापू नये, जाहीर दाखवू नये. एखाद्याला दाखवणे भागच असेल तर गुप्ततेचा लेखी करार करावा.

२. काम अर्धवट असेल तरी तात्पुरते विवरण दाखल करून तारीख पक्की करता येते. संपूर्ण विवरण त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते.

३. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्या व्यक्तीला आणि लघुउद्योगाला शुल्कात मोठी सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क सध्या १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. पेटंट एजंटची फी वेगळी. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते.

४. पेटंट देशापुरते असते. भारतातील पेटंटने दुबईत किंवा जर्मनीत संरक्षण मिळत नाही. तिकडे माल पाठवायचा असेल तर १२ महिन्यांच्या आत हालचाल करावी.

५. डॉक्टरची कल्पना व कारागिराचे हात अशी भागीदारी असेल, तर कोणाचा वाटा किती हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावे. संशोधक म्हणून कोणाची नावे लागणार, विक्रीवर किती टक्के मिळणार, हे तोंडी ठेवू नये.

महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा येथील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

पेटंट म्हणजे परवाना नव्हे

पेटंट हातात आले की माल विकता येतो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पेटंट फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देते. वैद्यकीय उपकरण बनवण्यासाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम पाळावे लागतात. धोक्याच्या प्रमाणात उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. खालच्या दोन वर्गांचे काम राज्याच्या औषध प्रशासनाकडे, तर वरच्या दोन वर्गांचा परवाना केंद्राकडे. हृदयात किंवा मोठ्या रक्तवाहिनीत जाणारी नळी वरच्या वर्गात येते आणि तिला चाचण्या, निर्जंतुकीकरण व कागदपत्रे मोठी लागतात. म्हणून लहान भांडवलाच्या माणसाने सुरुवात साध्या वस्तूपासून करावी: खाटा, स्टँड, पकडी, ट्रे, आधाराच्या काठ्या.

प्रत्येक गोष्टीचे पेटंट घेतलेच पाहिजे असेही नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात फारसे शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा जयपूर फूट घडवला. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, आणि त्यामुळे तो ठिकठिकाणी स्वस्तात बनू शकला. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पेटंट सोडणे हा निर्णय असू शकतो. पण तो जाणूनबुजून घेतलेला असावा, अज्ञानाने झालेला नसावा.

सियालकोटचे कारागीर शंभर वर्षांहून अधिक काळ शस्त्रक्रियेची हत्यारे घडवत आहेत. जगभरच्या रुग्णालयांत त्यांचा माल जातो, पण त्यातील मोठा भाग परदेशी कंपन्यांच्या नावाने विकला जातो. हात तेथले, नाव व नफा दुसरीकडचा. आपल्या कारखान्यात नव्या वस्तूचा नमुना तयार झाला असेल, तर पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तारीख घालून त्याची आकृती काढा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि एखाद्या नोंदणीकृत पेटंट एजंटला भेटा. ती वही पेटंटची जागा घेणार नाही, पण कल्पना कोणाची व कधीची, या वादात कामी येईल. हक्काची तारीख मात्र अर्जानेच ठरते.