बारा इंची कागद

गिटारवाल्यांना आवाजाविषयी विचारलं की गप्पा ठरलेल्या वाटेने जातात. आधी गिटारचं लाकूड, मग पिकअप, मग अँपमधले व्हॉल्व्ह, ते कोणत्या देशातले नि कोणत्या सालचे. स्पीकरचा विषय निघेपर्यंत चहाची तिसरी फेरी होते. आणि स्पीकर ज्या पेटीत बसवलेला असतो ती पेटी आठवते फक्त कार्यक्रमाच्या दिवशी, जिन्यावरून उतरवताना. संपादकांनी मला अँपवर लेख मागितला होता, म्हणजे खरं तर व्हॉल्व्हवर. पण एका स्टुडिओत एकच अँप दोन पेट्यांना आलटूनपालटून जोडलेला ऐकला आणि मी विषय बदलून घेतला. अँपचा एकही नॉब कुणी फिरवला नव्हता. तरी एका पेटीतून निघालेला सूर खोलीभर पसरला आणि दुसरीतून तोच सूर छातीवर येऊन आदळला.

घरात गाणी ऐकायच्या स्पीकरकडून आपली अपेक्षा साधी असते: जे आत जाईल तेच बाहेर यावं. गिटारचा स्पीकर या कामाला नालायक आहे. त्याला उंच सुरांसाठीचा ट्वीटर नसतो. ७५-८० हर्ट्झच्या खाली तो फारसा बोलत नाही, २ ते ४ हजारांच्या पट्ट्यात गरजेपेक्षा जास्त ओरडतो आणि ५ हजारांच्या पुढे एकदम गप्प होतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्झचा, आणि बारीक तारेच्या बाविसाव्या पडद्यावर बोट ठेवलं तरी मूळ सूर १२०० च्या आतच. म्हणजे वाद्याला हवी तेवढी जागा या स्पीकरकडे आहे. पण खरे उपकार त्या ५ हजारांवरच्या मौनाचे. अँप भरपूर ताणला की लाटेचे माथे छाटले जातात आणि त्यातून वरच्या पट्टीतले असंख्य कर्कश उपस्वर जन्माला येतात. असा ताणलेला आवाज चांगल्या घरगुती स्पीकरमधून ऐकला तर तापल्या तेलात पाणी पडावं तशी चरचर ऐकू येते. ज्या आवाजावर रॉकवेड्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी जीव टाकला, तो ही चरचर गाळून उरलेला आवाज आहे. गाळणी कागदाची.

इतिहास थोडक्यात उरकते. चुंबकाच्या फटीत तारेची कॉईल आणि कॉईलला चिकटवलेला कागदी कोन, ही रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनजवळ हॅम्प्टन विक इथे सेलेस्टियन ही कंपनी सुरू झाली होती. पुढे तिचे पत्ते बदलत गेले, त्यांत टेम्स डिटन आणि नंतर इप्सविच. जुन्या स्पीकरचे शौकीन मागच्या लेबलवर यांतलं कोणतं गाव छापलंय ते सर्वांत आधी बघतात. तिचा १२ इंची स्पीकर मुळात गिटारसाठी नव्हताच. इंग्लंडच्या व्हॉक्स अँपसाठी त्यात फेरफार करून १९६० च्या सुमारास निळ्या रंगाचा, १५ वॉटचा स्पीकर तयार झाला. ३० वॉटच्या अँपात असे दोन.

याच सुमाराला लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हा ड्रम शिकवणारा गृहस्थ वाद्यांचं दुकान चालवत होता. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी त्याच्यासाठी बनवलेला पहिला अँप म्हणजे फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ची जवळजवळ नक्कल. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर थोडे निराळे, सर्किट तेच. मोठा फरक पेटीत होता. बासमनमध्ये अँप आणि १० इंची चार स्पीकर एकाच खोक्यात, पाठ उघडी. मार्शलने अँप वेगळा काढला, सेलेस्टियनचे १२ इंची चार स्पीकर दुसऱ्या खोक्यात घातले आणि त्याची पाठ फळीने बंद केली. या खोक्याचं माप कोणत्या सूत्राने काढलं, असं पुढे लोक त्याला विचारत. चार स्पीकर मावतील असं सर्वांत लहान खोकं, एवढंच त्याचं उत्तर असे. रॉकचा सगळ्यात गाजलेला आवाज सुताराच्या सोयीतून आला, हे मला फार आवडतं.

ती पाठ बंद केल्याने काय झालं, ते नीट सांगायला हवं. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पाठ उघडी असली तर मागची ही उलटी लाट कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खोडते. उंच सुरांच्या लाटा आखूड, त्या वळत नाहीत. खर्जाच्या लाटा चार-चार मीटर लांब. त्यांच्या वाटेत एवढीशी पेटी आडवी येऊन येणार किती? म्हणून उघड्या पेटीचा खर्ज पातळ राहतो. पेटीच्या बाजूला उभं राहावं तर आवाज कमी, मागच्या ड्रमरला मात्र भरपूर. मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढच्यात मिसळतो आणि सूर मोकळा, पसरलेला वाटतो. बंद पेटीत ती उलटी लाट कोंडली जाते, खर्ज शाबूत राहतो. शिवाय आत अडकलेली हवा कोनाला मागून रेटते, त्यामुळे मोकळ्यावर ७५ हर्ट्झला झुलणारा कोन शंभराच्या वर झुलू लागतो आणि नेमका तिथे आवाज फुगतो. तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या जड रिफमधला तो ‘धुक्’ इथूनच येतो.

आणि यात अँप निमूट नसतो. स्पीकरवर १६ ओहम लिहिलेलं असलं तरी तो आकडा नावापुरता. कोन जिथे मनापासून झुलतो तिथे तो कित्येक पटींनी चढतो, उंच सुरांनाही चढत जातो. ट्रान्झिस्टरचा अँप सहसा या चढउताराकडे दुर्लक्ष करतो. व्हॉल्व्हचा अँप मात्र, खासकरून ताणलेला, जिथे ओहम वाढतात तिथे जास्त व्होल्टेज देऊन बसतो. पेटी बदलली की ओहमची ती चढण जागा बदलते आणि अँपही वेगळं वागू लागतो. ‘अँपचा टोन’ असा सुटा काढून दाखवता येत नाही तो यामुळे.

लाकडाबद्दल मात्र मी थोडी साशंक आहे. मार्शलची पेटी बर्चच्या प्लायची, ताठ. फेंडरच्या जुन्या पेट्या पाइनच्या, पुढची फळी पातळ आणि ती स्वतःही थरथरते. फरक आहे, ऐकूही येतो. पण पाठ उघडी की बंद आणि स्पीकर कोणता, या दोन गोष्टींपुढे तो किरकोळ. पेटीवरच्या रेक्झिनच्या रंगाने आवाज बदलतो, असंही मला एकाने गंभीरपणे सांगितलं.

कोन प्रत्यक्ष उघडून पाहायला मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक पन्नाशीचे कारागीर जळके-फाटके स्पीकर पुन्हा बोलते करतात. बहुतेक माल डीजे आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचा. गणपतीनंतर जळक्या कॉइलींचा ढीग लागतो. “मॅडम, मॅग्नेट सहसा मरत नाही,” ते म्हणाले, “एक तर कागद मरतो, नाहीतर कॉईल.” त्यांनी एका १२ इंची स्पीकरचा फाटका कोन कडेने कापून काढला, जुना गोंद थिनरने मऊ करून खरवडला आणि मग चिकटपट्टीची घडी करून ती चुंबकाच्या फटीत पुन्हा पुन्हा फिरवली. लोखंडाचा एक कण राहिला तरी कॉईल घासते. ही फट मिलीमीटरच्या हिशेबातली. तिच्या बरोबर मधोमध कॉईल तरंगली पाहिजे, कुठेही टेकता कामा नये. यासाठीचं त्यांचं हत्यार म्हणजे जुन्या एक्स-रे फिल्मच्या कापलेल्या पट्ट्या. कुणाच्या तरी बरगड्यांची फिल्म कॉईल आणि चुंबकाच्या खांबामध्ये सरकवायची, कॉईलला मधोमध धरणारा ‘स्पायडर’ आणि कोन चिकटवायचे, गोंद रात्रभर सुकू द्यायचा, मग पट्ट्या हळूच ओढून घ्यायच्या आणि वर टोपी लावायची. शेवटी दीड व्होल्टचा सेल टेकवून कोन बाहेर येतो का आत जातो ते बघायचं.

गिटारचे स्पीकर त्यांच्याकडे क्वचित येतात आणि त्यांना ते आवडत नाहीत. “याच्यात सगळं उलटं.” डीजेच्या स्पीकरला जाड कागद आणि जड कॉईल घातली की गिऱ्हाईक खूश. तोच मजबूत कोन त्यांनी एकदा गिटारच्या स्पीकरला घातला. वॉट वाढले, फाटायची भीती संपली. दोन दिवसांनी मालक परत आला: आवाज मेला. तेव्हापासून ते बाजारातले कोन कानाशी धरून कडेला टिचकी मारून निवडतात.

त्या टिचकीत बरंच काही आहे. खालच्या सुरांना कोन अख्खा पुढे-मागे होतो. वरच्या सुरांना तो एकसंध राहत नाही; मधला भाग एकीकडे, कड दुसरीकडे, पृष्ठभागावर लहरी उठतात. दुसऱ्या क्षेत्रांतले इंजिनिअर हे टाळण्यासाठी आयुष्य घालवतात. गिटारच्या स्पीकरमध्ये ते हवं असतं, म्हणून पातळ कागद, कागदाचीच चुणीदार कड आणि हलकी कॉईल. काहींना तेवढंही पुरलं नाही. १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवादकाने ‘रंबल’ या धुनेसाठी स्पीकरला भोकं पाडली, १९६४ मध्ये ‘किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपचा कोन ब्लेडने कापला.

हा कागद असा वागावा यासाठी त्याला जोर लागतो, आणि अडचण तिथून सुरू होते. मार्शलच्या पेटीत गाजलेला सेलेस्टियनचा ‘ग्रीनबॅक’ २५ वॉटचा. एका वॉटवर, एक मीटर अंतरावर तो ९८ डेसिबल आवाज देतो. एका वॉटवर! आपल्याकडच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ठाण्यातल्या वन बीएचकेत चार स्पीकरची पेटी ठेवणाऱ्याने कोनाला मनापासून थरथरू द्यायचं तरी कधी? त्यात पेटीचं वजन ३६ किलोच्या आसपास. अडचण सोसायटीतच नाही, स्टेजवरही येते. ३ हजार हर्ट्झची लाट ११ सेंटीमीटरची, कोन तिच्या दुपटीहून जास्त रुंद. त्यामुळे उंच सूर पसरत नाहीत, झोत टाकल्यासारखे नाकासमोर जातात. वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना सगळं ऐकू येतं, कानांना नाही. तो ट्रेबल वाढवतो आणि पहिल्या रांगेची शिक्षा सुरू होते.

म्हणून आता पेटीऐवजी फाइल आली आहे. स्पीकरसमोर माइक ठेवायचा, खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवायचा आणि स्पीकर, पेटी, माइक यांनी मिळून त्याचं काय केलं ते मोजून ठेवायचं. मग गिटारचा आवाज त्या मापातून नेला की हेडफोनवर ग्रीनबॅक वाजतो. सेलेस्टियन २०१७ पासून स्वतःच्या स्पीकरच्या अशा फाइली स्वतः विकते. नाकं मुरडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते: रेकॉर्डवर आपण जी गिटार ऐकत आलो ती तरी कुठे पेटीची होती? ती माइकने, बहुतेक वेळा शुअर एसएम५७ ने, कोनापासून दोन बोटांवरून ऐकलेली होती. माइक टोपीवरून इंचभर कडेला सरकवला की आवाज काळवंडतो. म्हणूनच एका स्पीकरच्या डझनावारी फाइली असतात.

तरी माप ते माप. हळू वाजवल्यावर आणि जोरात वाजवल्यावर कागद वेगळा वागतो, ही फाइल दोन्हीकडे तेवढीच मान डोलावते. नवा स्पीकर वाजून वाजून सैल होतो, फाइल ज्या दिवशी घेतली त्या दिवशीच थांबते. आणि सूर धरून ठेवल्यावर स्पीकरची हवा तारांना पुन्हा हलवते, सूर मरायचा थांबून वाढू लागतो, तो खेळ कानात इअरफोन घालून होत नाही, कारण तारांपर्यंत काही पोचतच नाही. यावर काही वादकांनी काढलेला तोडगा मला चक्रावून टाकतो. प्रेक्षकांकडे जाणारा आवाज फाइलमधून सरळ मिक्सरला देतात आणि पाठीमागे एका स्पीकरची छोटी पेटी चालू ठेवतात. तिच्यासमोर माइक नसतो. ती गिटारसाठी ठेवलेली असते.