वास फक्त नाकालाच कळतो का?

"ताई, कातडीले बी वास समजस का?" वस्तीतल्या एका मावशींनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या पायाला पट्टी बांधलेली होती. मावशींना बारा वर्षांपासून शुगर आहे. चप्पल लागून पायाच्या बोटाला जखम झाली. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला : त्वचेलाही वास कळतो, चंदनाच्या वासाने जखम भरते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. मावशींनी तीन आठवडे चंदन उगाळून लावले. वरून जखम सुकल्यासारखी दिसत होती, आत पू वाढत होता. दवाखान्यात नेले तेव्हा पाय वाचला, पण बोट काढावे लागले.

व्हिडिओतली पहिली गोष्ट खरी होती आणि तिला जोडलेली दुसरी खोटी. म्हणूनच तो जास्त धोक्याचा ठरला. अर्धे सत्य कुठे संपते, हे आज समजून घेऊ या.

नाकातली कुलपे

थंडीत आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की कुणाच्या घरी भरीत आहे हे गल्लीच्या तोंडाशीच कळते. वांग्यातून आणि धुरातून उडालेले अतिशय बारीक कण, म्हणजे रेणू, आपल्या नाकात शिरतात. नाकाच्या आत वरच्या बाजूला खास पेशी असतात. त्यांच्या अंगावर प्रथिनांची जणू कुलपे असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. योग्य रेणूची किल्ली कुलपात बसली की पेशी मेंदूला निरोप पाठवते आणि आपण म्हणतो, "भरीत आहे वाटते!"

ही कुलपे कोणत्या जनुकांपासून बनतात, हे १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठात हे काम झाले. माणसाकडे अशी सुमारे ४०० प्रकारची कुलपे आहेत. या शोधाला २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नाकाची किंमत आपल्याला कोरोनात कळली. २०२० साली पुण्याच्या आयसर संस्थेतील आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी कसलीही लक्षणे नसलेल्या कोरोनाबाधितांची वास ओळखण्याची क्षमता यंत्राने मोजली. बहुतेकांची क्षमता कमी झालेली निघाली; त्यांतल्या अनेकांना स्वतःला ते जाणवलेही नव्हते.

नाकाबाहेर तीच कुलपे

नाकातल्या कुलपांचा शोध लागून एकच वर्ष झाले होते. १९९२ साली बेल्जियमच्या संशोधकांना तशीच कुलपे पुरुषाच्या अंडकोषातही आढळली. तिथे वासाचे काय काम? २००३ साली जर्मनीतील हान्स हाट यांच्या गटाने दाखवले की प्रयोगशाळेत शुक्राणू एका विशिष्ट सुगंधी रेणूच्या दिशेने पोहत जातात. त्यानंतर त्वचा, मूत्रपिंड, आतडे अशा अनेक ठिकाणी ही कुलपे सापडत गेली.

म्हणजे त्वचेला किंवा मूत्रपिंडाला वास 'येतो' का? नाही. वास येणे हे मेंदूचे काम आहे. नाकातल्या पेशीची तार मेंदूपर्यंत जाते, म्हणून आपल्याला वास जाणवतो. मूत्रपिंडातल्या पेशीची तशी तार नसते. तिथे किल्ली बसली की ती पेशी फक्त आपले नेमलेले काम करते : कुठे एखादा रस सोडते, कुठे वाढीचा वेग बदलते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कुलूप सारखे असले तरी दार वेगळे आहे.

चंदनाची खरी गोष्ट

हाट यांच्याच गटाने २०१४ साली त्वचेच्या पेशींवर एक कुलूप शोधले. त्यात 'सँडलोर' नावाचा रेणू बसतो. तो बसला की प्रयोगशाळेतल्या त्वचेच्या पेशी जास्त वेगाने वाढल्या आणि सरकल्या. जखम भरताना पेशींना हेच करावे लागते. व्हिडिओत सांगितलेला शोध हाच.

पण व्हिडिओने तीन गोष्टी सांगितल्या नाहीत. पहिली, सँडलोर हे चंदनाच्या झाडातून निघत नाही. चंदनासारखा वास येणारे ते कारखान्यात बनवलेले रसायन आहे. दुसरी, नाकाला वास येण्यासाठी जेवढे प्रमाण पुरते, त्याच्या कितीतरी पट जास्त प्रमाण तिथे वापरले होते. तिसरी, प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर आणि त्वचेच्या तुकड्यांवर झाला होता. शुगर असलेल्या माणसाच्या, जंतू शिरलेल्या जखमेवर तो झालाच नव्हता. उगाळलेल्या चंदनात सहाणेवरची माती आणि साधे पाणी असते. तो लेप उघड्या जखमेवर बसला की खालचा पू झाकला जातो. मावशींच्या बाबतीत तेच झाले.

मूत्रपिंड, रक्तदाब आणि कळण्याची भाकरी

दुसरी गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. अमेरिकेतील संशोधक जेनिफर प्लुझनिक यांना मूत्रपिंडाच्या एका आजाराचा अभ्यास करताना, ध्यानीमनी नसताना, तिथे वासाची कुलपे सापडली. हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. या कुलपांची किल्ली कुठून येते? आपल्या आतड्यातून.

आपण खाल्लेला चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची सालपटे, भाज्यांचे धागे, आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात. त्यातून लहान आम्ले तयार होतात. त्यांतले एक तर व्हिनेगरमध्ये असते तेच. ही आम्ले रक्तात मिसळून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. २०१३ साली प्लुझनिक यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की तिथले वासाचे कुलूप उघडले की रक्तदाब वाढवणारा रस सुटतो. त्याच आम्लांनी उघडणारे दुसऱ्या जातीचे एक कुलूप मात्र रक्तदाब खाली आणते. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. दोहोंच्या तोलावर शरीर चालते. माणसाच्या शरीरातही या वासाच्या कुलपाचा जोडीदार आहे. तो कसा दिसतो, आणि त्यात अशा एका आम्लाची किल्ली कशी बसते, हे २०२३ साली शास्त्रज्ञांनी प्रथमच पाहिले.

यावरून रक्तदाबाचे नवे औषध अजून निघालेले नाही. पण आतड्यातले जंतू आणि रक्तदाब यांचा संबंध आहे, हे यातून दिसते. चोथा असलेले जेवण रक्तदाबाला आणि शुगरला चांगले, हे डॉक्टर आधीपासून सांगतच आले आहेत. त्यासाठी महागडी पावडर विकत आणायची गरज नाही. ज्वारी आणि सालीचे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, मेथी, अख्खी मटकी, कच्च्या केळीची भाजी हे सगळे आपल्या घरचेच आहे. कच्च्या केळीतले न पचणारे पिष्ट या जंतूंचे आवडते खाद्य आहे. मात्र ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी केळी आणि डाळी किती खायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मग घरी काय करायचे?

● शुगर असेल तर रोज रात्री पाय पाहा, तळवे आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या मुलाला पाहायला सांगा.
● जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. चंदन, हळद, चुना, राख, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका.
● जखमेला वास येत असेल, पाय काळा पडत असेल किंवा ताप असेल तर उद्यावर टाकू नका. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.
● अमुक तेल हुंगले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. गोळी डॉक्टरांनी दिली, ती डॉक्टरांनीच थांबवायची.
● घरात दम्याचा रुग्ण असेल तर वंदनेच्या वेळी अगरबत्तीचा धूर टाळा. सुगंध चांगला असला तरी धूर हा धूरच असतो, आणि फुप्फुसाला तो त्रास देतो. फुले आणि मेणबत्ती पुरे आहे.
● वास अचानक येईनासा झाला आणि दोन-तीन आठवड्यांतही परतला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत घरात गॅस गळतोय का आणि अन्न आंबले आहे का, हे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेत चला.

मावशींना मी हेच सांगितले : हो, तुमच्या कातडीवर नाकासारखी कुलपे आहेत, हे खरे. पण त्यांची औषधी किल्ली अजून कुणाच्या हातात आलेली नाही. मावशी म्हणाल्या, "मंग व्हिडिओवाल्याने का सांगितलं?" याचे उत्तर आपल्याला नव्याने शिकायला नको. कुणी सांगितले म्हणून मानायचे नाही, तपासून पाहायचे. तपासण्याची जागा दवाखाना आहे, मोबाईल नाही.

आता मावशी रोज रात्री नातीला पाय दाखवतात. नात टॉर्च धरून बोटे मोजते. नऊ आहेत. नऊच राहिली पाहिजेत.

जयभीम.