अर्नाळ्याचं धुकं येतं कुठून?

हिवाळ्यात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरचा किल्ला दिसेनासा झाला, की समुद्रावरून धुकं आलं असं सहज म्हटलं जातं. बहुतेक वेळा प्रवास उलटा असतो. निरभ्र, निवांत रात्री बोळिंज-आगाशीकडची जमीन उष्णता आकाशात सोडून गार पडते आणि तिला टेकलेल्या दमट हवेतली वाफ थेंबांत उतरते. पहाटेचा मतलई वारा हा थर किनाऱ्याकडे लोटतो. थर कधी इतका उथळ, की बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत वरच्या मजल्यांवर ऊन आणि खाली रिक्षांचे दिवे चालू!

अस्सल सागरी धुकं वेगळं. गरम, दमट हवा थंड पाण्यावरून सरकली की ते धरतं. न्यूफाउंडलंडजवळ, लॅब्राडॉरच्या थंड प्रवाहावर, ते नित्याचं. आपला समुद्र जानेवारीतही कोमट असतो. त्यामुळे किनाऱ्यावरून गेलेलं धुकं खोल पाण्यावर टिकत नाही.

सागरी धुक्याचं हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी. टायटॅनिक बुडाल्यावर हिमनगांवर नजर ठेवायला १९१३ मध्ये अटलांटिकवर ‘स्कोशिया’ जहाज पाठवलं गेलं, त्यावर ते हवामानतज्ज्ञ होते. (टायटॅनिक मात्र स्वच्छ रात्री बुडालं.) पतंगांना उपकरणं बांधून त्यांनी धुक्यावरच्या हवेचं तापमान आणि दमटपणा मोजला. शंभर वर्षांनंतर मूळच्या श्रीलंकेच्या हरिंद्र फर्नांडो यांच्या नेतृत्वाखाली त्याच अटलांटिकवर ‘फातिमा’ मोहीम निघाली. २०२२ च्या उन्हाळ्यात सेबल बेटावर लेझर, रडार आणि थेंबमापक लावून हवेतले सूक्ष्म भोवरे आणि मिठाचे कण थेंबांना कसे घडवतात, हे तपासलं गेलं.

कारण धुकं जमतं ते काठावरच्या समतोलावर. वारा अगदीच पडला तर नुसतं दंव पडतं. जरा वाढला तर वरची कोरडी हवा मिसळून धुकं विरतं. या मिसळण्याच्या घडामोडी हवामान प्रारूपांच्या चौकटीत मावत नाहीत इतक्या छोट्या. उपग्रहाला तर वरून थराचा माथाच दिसतो. खाली धुकं आहे की अधांतरी ढग, हे त्याला सहज कळत नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर ‘वायफेक्स’ हा धुक्याचा प्रयोग चालवला, त्यातून अंदाज सुधारले. पण ते मैदानी धुकं, विमानांसाठी. खाडीकाठच्या धुक्याला जमीन, कोमट पाणी आणि मतलई अशा तिघांचा हिशेब लागतो. माझ्या मते वैतरणेच्या मुखाशी मोजमापाचा एखादा मनोरा उभारला, तर होडीवाल्यांना त्याचा उपयोग दिल्लीच्या दहा नकाशांपेक्षा जास्त होईल.

तोवर आधार भोंग्याचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दृश्यता कमी असताना मासेमारीत गुंतलेल्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड भोंगे द्यायचे असतात. १२ मीटरहून लहान होडीला हे बंधन नाही, पण तिनेही कसला ना कसला मोठा आवाज करत राहायचा असतो.