नम्य धातुनळी आणि पेटी यांमधील सांधा

विजेच्या तारा ज्या नळीतून नेल्या जातात तिला इंग्रजीत कंड्युट म्हणतात, आणि मराठी कारागिरानेही तोच शब्द थोड्याफार उच्चारभेदाने पत्करला आहे. या नळीचे दोन प्रकार आहेत. एक ताठ, ती भिंतीवर किंवा छताखाली एकदा बसविली की वर्षानुवर्षे हलत नाही. दुसरी नम्य, पोलादाची जस्तलेपित पट्टी मळसूत्राप्रमाणे गुंडाळून व लगतच्या वेढ्यांच्या कडा एकमेकींत अडकवून ती तयार करतात. जेथे यंत्र हादरते किंवा पट्टा ताणण्यासाठी मोटर पुढेमागे सरकवावी लागते तेथे ताठ नळीचा उपयोग नसतो. पेटीपासून यंत्रापर्यंतचे शेवटचे हात-दोन हात अंतर अशा ठिकाणी नम्य नळीनेच पार करावे लागते. नळीचे टोक आणि पेटीचे भोक यांना सांधणारा जो लहानसा तुकडा, ज्यास कारागीर ‘कनेक्टर’, ‘ॲडॅप्टर’ किंवा सरसकट ‘ग्लँड’ म्हणतो, तो प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा तुकडा किमतीने क्षुल्लक असतो; परंतु त्याच्याकडून चार कामांची अपेक्षा असते आणि ती चारही परस्परांशी सहज जुळणारी नाहीत. नळी ओढली गेली तरी ती निसटू नये. नळीच्या कापलेल्या कडेने तारांचे वेष्टन कापले जाऊ नये. दोष उद्भवल्यास विजेचा प्रवाह नळीकडून पेटीकडे विनासायास जावा. आणि जेथे पाणी, तेल वा धूळ असेल तेथे त्यांना आत शिरकाव मिळू नये. पहिले काम घट्ट पकड मागते, तर नळीचा नम्यपणा फार घट्ट पकड सहन करीत नाही, कारण चेपलेल्या वेढ्यांची गुंफण उकलते. चौथ्या कामासाठी रबर किंवा प्लॅस्टिक मध्ये घालावे लागते. तेच रबर तिसऱ्या कामाच्या आड येते. रचनाकाराचे कौशल्य या विरोधांचा मेळ घालण्यात आहे.

यांपैकी तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आढळतो. नळी पोलादाची आहे, पोलाद विद्युद्वाहक आहे, म्हणून नळी स्वतःच अर्थिंगची तार म्हणून पुरेशी आहे, असे अनुमान वरकरणी निर्दोष वाटते. वस्तुतः ते ताठ नळीपुरतेच खरे आहे. नम्य नळी ही नळी नसून गुंडाळलेली पट्टी आहे, आणि प्रवाहाला तिच्यातून दोनच मार्ग मोकळे असतात. एक, पट्टीच्या संपूर्ण लांबीने गोल गोल फिरत जाणे. दुसरा, एका वेढ्यावरून शेजारच्या वेढ्यावर उडी घेणे. दुसरा मार्ग जवळचा खरा, पण तो वेढ्यांच्या स्पर्शावर अवलंबून असतो, आणि हा स्पर्श गंज, तेलाचा थर व नळीची हालचाल यांमुळे सतत बदलत राहतो. त्यावर विसंबून चालत नाही.

पहिल्या मार्गाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, नळीचा सरासरी व्यास 20 मिलिमीटर आहे व दर 6 मिलिमीटरला एक वेढा पडतो. एका वेढ्याची लांबी सुमारे 63 मिलिमीटर आणि एक मीटर नळीत सुमारे 167 वेढे. म्हणजे एक मीटर नळीत साडेदहा मीटर पट्टी सामावलेली असते. पट्टी 10 मिलिमीटर रुंद व 0.4 मिलिमीटर जाड धरली, तर पोलादाच्या रोधावरून एक मीटर नळीचा रोध सुमारे 0.4 ओहम येतो. आता 230 व्होल्टच्या जोडणीत सहा मीटर नळी वापरली आणि तार सैल होऊन यंत्राच्या सांगाड्याला टेकली असे धरू. बाकीच्या तारांचा रोध सोडून दिला तरी प्रवाह शंभर अँपिअरच्या आतच राहतो. त्या मंडलावर ‘सी’ प्रकारचा 20 अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो तत्क्षणी पडेलच अशी खात्री 200 अँपिअरला मिळते. शंभराखाली तो तापून पडेल, पण काही सेकंदांनी. आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी अशा मंडलांसाठी घालून दिलेली मर्यादा 0.4 सेकंद आहे. मधल्या काळात यंत्राचा सांगाडा जिवंत तारेइतकाच घातक असतो, आणि त्याला हात लावून उभा असलेला मनुष्य हाच जमिनीकडे जाण्याचा दुसरा मार्ग ठरतो. नळी दोन मीटरांची असती तर तोच प्रवाह 290 अँपिअरच्या आसपास गेला असता आणि एमसीबी पडला असता. वेढ्यांचा परस्परस्पर्श चांगला असेल तर परिस्थिती या हिशेबापेक्षा बरी असते हे खरे. परंतु सुरक्षिततेचा हिशेब वाईटात वाईट अवस्था गृहीत धरूनच करावयाचा असतो.

निरनिराळ्या देशांचे नियम या दृष्टीने वाचले म्हणजे त्यांतील भेद समजतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत साध्या नम्य धातुनळीला अर्थिंगचा मार्ग म्हणून सशर्त मान्यता आहे. तारांवरील संरक्षक साधन 20 अँपिअरपेक्षा मोठे नसावे, त्या मार्गातील अशा नळीची एकूण लांबी सहा फुटांहून अधिक नसावी, टोकांचे तुकडे प्रमाणित असावेत, आणि बसविल्यानंतर नळी हलण्याची गरज नसावी. शेवटची अट मार्मिक आहे. नम्य नळी तिच्या नम्यपणासाठीच वापरली असेल, तर स्वतंत्र अर्थिंगची तार घालणे बंधनकारक होते. ब्रिटिश नियमांनी हा सशर्त मार्ग ठेवलेलाच नाही. नम्य नळी संरक्षक वाहक म्हणून निवडूच नये, असे ते सांगतात. आंतरराष्ट्रीय मानकही तिला नाकारते, मात्र मुद्दाम त्या हेतूने बनविलेल्या नळीचा अपवाद ठेवते. असा अपवाद पोकळ नाही. अमेरिकेत कवचयुक्त केबलच्या आत, सर्व वेढ्यांना आतून टेकून, लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमची एक बारीक पट्टी घालतात. ती एवढेच करते की लांब गोल वाटेला सरळ आडवाट मिळवून देते. कल्पना साधी, परिणाम मोठा.

स्वतंत्र तार घातली म्हणजे सांध्याच्या विद्युत्गुणाची काळजी संपली, असेही मानू नये. नळी स्वतः उघडा धातूच आहे. तिच्यात दोष शिरला आणि तिचा पेटीशी स्पर्श तुटलेला असला, तर आतल्या अर्थिंगच्या तारेचा तिला काही उपयोग होत नाही.

आता नळीच्या बाजूची पकड पाहू. रूढ पद्धती तीन आहेत. पहिलीत मळसूत्री उंचवटे असलेला तुकडा नळीच्या वेढ्यांच्या खाचांत पिळून बसवितात. ही जलद व स्वस्त, परंतु हादऱ्याने नळी उलट फिरली तर तीच पिळण सुटू लागते. दुसरीत एका स्क्रूचे टोक नळीवर दाबतात. सगळा भार एका बिंदूवर येत असल्याने स्क्रू हलका आवळला तर नळी निसटते, आणि जास्त आवळला तर वेढा आत दबून तारांनाच टोचतो. तिसरीत पट्ट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी नळी आवळली जाते. दाब विभागला जात असल्याने हादऱ्याच्या ठिकाणी हीच पद्धत पसंत करणे शहाणपणाचे.

नळी करवतीने कापली की कापलेल्या कडेवर बारीक कंगोरा राहतो. कानशीने तो घासून टाकावा असा दंडक आहे, पण शिडीवर उभे राहून काम करणारा मनुष्य तो दर वेळी पाळतोच असे नाही. म्हणून चांगल्या तुकड्यात नळीच्या टोकासाठी एक ओठ ठेवलेला असतो. नळी त्याला टेकून थांबते, कड त्याआड झाकली जाते, आणि तारा गोलसर घोटलेल्या मुखातून बाहेर पडतात. काही तुकड्यांच्या मुखात प्लॅस्टिकची बांगडी असते. दोष टाळण्याचे काम येथे कारागिराच्या दक्षतेवरून काढून वस्तूच्या आकारावर सोपविलेले आहे.

पाणी-तेलाच्या जागी वापरावयाच्या नळीवर पीव्हीसीचे वेष्टन असते, आणि तिचा कनेक्टर रचनेच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक असतो. फेरूल नावाची धातूची लहान बाही नळीच्या आत पिळून बसवितात. ती एकाच वेळी कापलेली कड झाकते, आतल्या पोलादी वेढ्यांना स्पर्श करून प्रवाहाला वाट देते, आणि वेष्टनाला आतून आधार देते. बाहेरून उतरत्या काठाची एक कडी येते. वरचा नट आवळला की तो उतार कडीला आत दाबतो, आणि वेष्टन फेरूल व कडी यांच्यामध्ये चिमटले जाते. यातच एक मेख आहे. प्लॅस्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते. आज घट्ट असलेली पकड काही महिन्यांनी, विशेषतः उष्ण जागी, सैल होऊ शकते. म्हणून कडी थोडी लवचीक ठेवणे आणि धातूची पकड वेष्टनावर नव्हे, वेढ्यांवर अवलंबून ठेवणे, हे दोन्ही आवश्यक असते.

पेटीच्या बाजूला अडचण निराळी. पत्र्याची पेटी दीड मिलिमीटर जाड असते आणि 20 मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचे अंतरही दीड मिलिमीटर असते. म्हणजे पत्र्यात आटे पाडले तर जेमतेम एकच आटा बसेल. यास्तव पत्र्याला साधे भोक ठेवून तुकड्याचे आटे त्यातून आत घेतात व आतून चपटा नट लावतात. त्यास आपल्याकडे ‘चेकनट’ म्हणतात. पेटी रंगविलेली असते, आणि रंग हा विद्युद्रोधक आहे. म्हणून चेकनटाच्या एका बाजूला दाते असतात. ते रंग कापून पत्र्यात रुततात. बाहेरच्या बाजूला पाणी अडविण्यासाठी रबरी वायसर घातला की तुकड्याचा खांदा पत्र्याला टेकतच नाही, आणि प्रवाहाचा सगळा भार आतल्या चेकनटाच्या दात्यांवर येतो. तो नट उलटा बसविला, तर सांधा हाताला घट्ट लागतो, पाणी थेंबभरही आत जात नाही, दिसावयासही तो सुबक असतो. मात्र विजेच्या दृष्टीने तेथे सांधा नसतो. वस्तूचा दोष जेव्हा तिच्या गुणांआड दडतो तेव्हा तो शोधणे सर्वांत कठीण जाते. मीटर लावल्याशिवाय तो कळत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या विषयात विशेष रस वाटावा असा भाग म्हणजे नावांचा. अमेरिकन ‘अर्धा इंच’ कनेक्टरचे कोणतेही मुख्य माप अर्धा इंच नसते. त्याच्या आट्यांचा बाह्य व्यास 0.84 इंच आणि पेटीचे भोक 7/8 इंच असते. ‘अर्धा इंच’ हे तेथे माप नसून नाव आहे. ब्रिटिश परंपरेत ताठ नळीचे माप म्हणजे तिचा बाह्य व्यास, आणि भारतीय परंपरा त्याच वाटेने गेली. येथील 20 मिलिमीटरची ताठ नळी बाहेरून खरोखरीच 20 मिलिमीटर असते. जर्मनांच्या पीजी मालिकेतील अक्षरे ‘पांत्सरगेविंड’ या शब्दाची, म्हणजे कवचनळीच्या आट्यांची आहेत. त्यांतील ‘पीजी 16’ चा बाह्य व्यास 22.5 मिलिमीटर असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मेट्रिक आट्यांनी पीजीची जागा घेतली, तरी जुनी यंत्रे व जुन्या पेट्या वापरात राहिल्या. परिणामी एका कारखान्यात तिन्ही बोली एकत्र नांदतात. 20 मिलिमीटरचा मेट्रिक तुकडा अमेरिकन अर्ध्या इंचाच्या आट्यांत एक-दोन वेढे जाऊन अडकतो. हाताला तो पक्का वाटतो, पण आटे जुळलेले नसतात. स्फोटक वायूंच्या परिसरात असा सांधा ज्वाला अडवू शकत नाही.

‘ग्लँड’ या शब्दाची गंमत वेगळी. इंग्रजी कोशांत शरीरातील ग्रंथीचा वाचक शब्द लॅटिनमधून आलेला दाखवितात, तर यंत्रातील ग्लँड हा स्वतंत्र शब्द मानून त्याची व्युत्पत्ती अज्ञात असल्याचे नमूद करतात. ज्यांनी तांत्रिक परिभाषेत त्यासाठी ‘ग्रंथी’ सुचवावी असा मोह होईल, त्यांनी ही नोंद आधी पाहावी. अमेरिकेत नम्य नळीलाच ‘ग्रीनफील्ड’ म्हणण्याची जुन्या वायरमनांची चाल आहे. ते तिच्या आद्य निर्मात्यांपैकी एकाचे आडनाव.

मराठी कारागिराच्या बोलीत नट, ग्लँड, चेकनट, वायसर हे शब्द आयात आहेत. पण आटे, पत्रा, कानस, आवळणे, पिळणे हे आपले आहेत. वस्तूचे नाव बाहेरून आले आणि क्रिया घरचीच राहिली. परिभाषाकाराने नव्या नावाच्या निवडीत हा विभाग लक्षात ठेवावा. ‘आटे जुळत नाहीत’ या वाक्यात कारागीर जे सांगतो ते ‘मळसूत्रांतर विसंगत आहे’ या वाक्यात त्याला सांगता येणार नाही. आणि वरील मेट्रिक-अमेरिकन घोटाळ्यात तर त्याने ते वेळेवर सांगणे फार आवश्यक असते.