आठ वजीर आणि एक वेळापत्रक

कॉलेजचे वेळापत्रक करण्याचे काम माझ्याकडे कसे आले, ते विचारू नका. मराठीच्या माणसाला वेळच वेळ असतो, असा एक समज आहे! गेली चार वर्षे संस्कृतच्या बाईंना मी एकच उत्तर देत आलो : "पहिला तास टाळता येणार नाही." घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचे सकाळचे सारे उरकल्याशिवाय बाईंचा पाय घराबाहेर पडत नसे. पण माझा नाइलाज होता. निदान मला तसे वाटे.

यंदा संगणकशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकांनी माझ्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडला. माक्स बेत्सेल या जर्मन बुद्धिबळपटूने १८४८ साली एक कोडे घातले होते : पटावर आठ वजीर असे ठेवा, की कोणीही कोणाच्या माऱ्यात येऊ नये.

चौसष्ट घरांतून आठ घरे निवडण्याचे प्रकार होतात ४,४२,६१,६५,३६८! पण प्रत्येक उभ्या ओळीत एकच वजीर, एवढे आधी ठरवले, की उरतात १,६७,७७,२१६. आडव्या ओळींचेही तसेच केले, की अवघे ४०,३२०. मग तिरका मारा तेवढा पाहायचा. खरी उत्तरे ९२. नियम मागाहून तपासण्यापेक्षा मांडणीतच गोवावा, ही प्रोग्रॅम रचणाऱ्यांची पहिली युक्ती. दुसरी अशी, की एकेक वजीर ठेवीत जावे. अडले तर सारा पट न उधळता शेवटचा तेवढा हलवावा, तेही न साधले तर त्याच्या आधीचा.

तिसरी युक्ती मात्र माझ्या मनाला लागली. ज्याला जागा सर्वांत थोड्या, त्याला आधी बसवावे. हॅरॅलिक आणि एलियट यांनी १९८० साली हे तत्त्व मांडले : अडायचेच असेल तर आरंभीच अडावे, म्हणजे पुढची वणवण वाचते.

आणि वाचकहो, मी काय करीत होतो? आधी विभागप्रमुख, मग ज्येष्ठ मंडळी, आणि उरल्यासुरल्या फटीत बाई! ज्यांना कोणताही तास चालला असता, तेच मोक्याच्या जागा अडवून बसले होते.

त्या रात्री कोरा कागद घेतला आणि बाईंचे नाव पहिल्याने लिहिले. दोनदा अडलो, मागे फिरलो, खोडरबर झिजवले. पहाटे वेळापत्रक बसले. कोणाचीही तक्रार आली नाही.

बाईंनी ते फलकावर वाचले. म्हणाल्या, "सर, हे चार वर्षांपूर्वीही जमले असते, नाही?"

मी खिशात खडू शोधू लागलो.